हा तुकडा कुणाचा?

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)

मागच्या हिवाळ्यात माझी पाच वर्षांची नात आमच्याकडे राहायला आली होती. रात्री थंडी वाजू लागली तेव्हा मी पेटीतून अम्मीच्या हातची गोधडी काढून तिच्या अंगावर घातली. दिवा मालवायच्या आधी ती गोधडीवर बोट ठेवून विचारू लागली, ‘‘नाना, हा तुकडा कुणाचा?’’

निळ्या चौकड्यांचा तुकडा अब्बांच्या लुंगीचा, खाकी तुकडा माझ्या शाळेच्या चड्डीचा, हिरवा जरीचा तुकडा आपाच्या ईदच्या फ्रॉकचा. इथवर मी पटापट सांगितलं. मग तिनं पिवळ्या फुलांच्या तुकड्यावर बोट ठेवलं, आणि मला काही सांगता येईना. पुढचा जांभळा तुकडाही मला ओळखता आला नाही. आमच्या घरात जुना कपडा कुणी टाकायला निघालं की अम्मी म्हणायची, ‘‘फेको नक्को, गोदडी में काम आएगा.’’ तिला प्रत्येक तुकडा ठाऊक होता. आम्ही कुणी तिला कधी विचारलं नाही. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. गोधडी उरली, पण तिच्यातली निम्मी माणसं हरवली.

त्या रात्रीपासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. लहान मुलांसाठी घरच्या आठवणी कशा जपायच्या, त्यासाठी मुलांना बरोबर घेऊन कोणत्या साध्या वस्तू करता येतील, आणि त्या वस्तू पुढे मुक्या होऊ नयेत म्हणून काय करायचं, हे आज सांगायचं आहे.

आधी मुलांच्या स्मरणशक्तीविषयी थोडंसं. आपल्याला स्वतःची अगदी पहिली आठवण विचारली तर ती बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची निघते. त्याआधीचं जवळजवळ काहीच आठवत नाही. मानसशास्त्रात याला ‘बालपणीचं विस्मरण’ म्हणतात. याचा अर्थ दोन वर्षांच्या मुलाला काही आठवत नाही, असा नाही. दोन वर्षांचं मूल काही महिन्यांपूर्वीची जत्रा आठवून सांगतं. पण ती आठवण मोठेपणापर्यंत टिकत नाही. न्यूझीलंडमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की तिथल्या माओरी समाजातल्या माणसांच्या पहिल्या आठवणी सरासरी पावणेतीन वर्षांच्या वयाच्या होत्या, म्हणजे इतरांपेक्षा बऱ्याच आधीच्या. पूर्वजांच्या आणि कुटुंबाच्या गोष्टी सांगण्याला त्या समाजात मोठा मान आहे, आणि अभ्यासकांनी या फरकाचा संबंध त्या रिवाजाशी जोडला.

त्याच देशातल्या ओटागो विद्यापीठाच्या एलेन रीस यांनी आई-वडील मुलांशी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल कसं बोलतात याचा अभ्यास केला आहे. त्यातून आपल्याला घेता येण्याजोगी गोष्ट साधी आहे. ‘‘काल आपण कुठे गेलो होतो? सांग, सांग ना!’’ अशी परीक्षा घेतली की मूल गप्प होतं. त्याऐवजी ‘‘काल नदीवर गेलो तेव्हा तुझी चप्पल पाण्यात वाहून चालली होती. मग कोण धावलं?’’ असं थोडं आपण सांगावं, थोडं त्याला सांगू द्यावं. ते जे सांगेल त्याला जोड द्यावी. ‘‘तू तेव्हा घाबरली होतीस का?’’ असंही विचारावं. अशा घरांतल्या मुलांच्या आठवणी अधिक भरीव असतात. थोडक्यात, आठवण मुलाच्या डोक्यात आपोआप साठत नाही; ती दोघांनी मिळून बोलत बोलत विणावी लागते. हातानं केलेली वस्तू इथे उपयोगी पडते. ती समोर असली की बोलायला निमित्त मिळतं.

आता कुणी म्हणेल, फोनमध्ये हजारो फोटो आहेत, मग हा खटाटोप कशाला? अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या संशोधिकेनं एक प्रयोग केला होता. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. संग्रहालयात काही वस्तूंचे फोटो काढायला आणि काही वस्तू नुसत्या पाहायला तिनं लोकांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोटो काढलेल्या वस्तू लोकांना कमी आठवल्या. कॅमेऱ्यानं टिपलं म्हणजे आपण सुटलो, असं मनाला वाटत असावं. फोटो काढूच नयेत असं मी म्हणणार नाही. वर्षाचे बारा निवडावेत, छापून घ्यावेत आणि मुलाला मांडीवर घेऊन पाहावेत. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, दाब न देता, कोण, कुठे, केव्हा हे लिहावं. छापील फोटो गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उमटत नसेल तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती फोटोबरोबर पाकिटात ठेवावी.

आता वस्तूंकडे वळू. पहिली वस्तू उंचीची. बऱ्याच घरांत दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात. अडचण एवढीच, की घर बदललं की चौकट बरोबर येत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे नवार. खाटेला विणतात ती जाड सुती पट्टी दोन मीटर घ्यावी. ती ताणली जात नाही. ती सरळ भिंतीवर टांगावी, खालचं टोक बरोबर जमिनीला टेकवावं. मुलाला अनवाणी, टाचा भिंतीला लावून उभं करावं. डोक्यावर एक जाड पुस्तक भिंतीला काटकोनात ठेवावं आणि त्याच्या खालच्या कडेशी नवारीवर खूण करावी. शेजारी तारीख आणि मुलाचं नाव लिहावं. तीन ते दहा वर्षांच्या काळात मूल साधारणपणे वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं, म्हणजे दर वर्षी दोन इंचांच्या आसपास अंतर दिसेल. सकाळी आपण संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो, कारण मणक्यांमधल्या चकत्या दिवसभरात थोड्या दबतात. म्हणून वेळ शक्यतो तीच ठेवावी.

आमच्याकडे ही मापणी ईदला होते. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, त्यामुळे ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस आधी येते. नातीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘‘म्हणजे मला वाढायला कमी दिवस मिळतात!’’ हे वाक्य मी नवारीवर तारखेच्या बाजूला लिहून ठेवलं आहे. तुम्ही पाडवा घ्या, वाढदिवस घ्या, शाळेचा पहिला दिवस घ्या. खुणेशेजारी मुलाचं त्या दिवसाचं एक वाक्य मात्र जरूर लिहा. पुढे खुणेपेक्षा त्या वाक्याचीच गंमत जास्त वाटेल.

दुसरी वस्तू हाताचा ठसा. हळदीचा ठसा दिसायला सुंदर, पण हळदीचा रंग उन्हात उडतो. गेरू टिकतो, कारण त्याचा तांबडा रंग लोहाच्या खनिजाचा असतो आणि तो उजेडानं फिका पडत नाही. गेरू पाण्यात कालवून त्यात थोडं डिंकाचं पाणी घालावं. पातळ दह्याइतका दाट झाला की ब्रशनं मुलाच्या तळहाताला लावावा, ठसा घ्यावा आणि हात लगेच साबणानं धुवावा. हात सारखा तोंडात घालणाऱ्या मुलाचा ठसा घेऊ नये. त्याचा पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली तरी काम होतं. कागद मात्र चांगला हवा. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन हवा-उजेडानं पिवळं पडतं आणि कागद कुडकुडीत होतो. सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद खूप टिकतो. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा शतकानुशतकांची आहे. जुन्या कपड्यांचा कागद होतो आणि गोधडीही होते, हे मुलांना सांगून पाहा. त्यांचे डोळे मोठे होतात.

तिसरी वस्तू छोटी गोधडी. मोठी गोधडी शिवायला आज कुणाला सवड नाही. पण नऊ तुकड्यांची, वीतभर रुंदीची बाहुलीची गोधडी दोन रविवारांत होते. घरातल्या नऊ माणसांचे, किंवा एकाच मुलाच्या नऊ लहान झालेल्या कपड्यांचे, चार-चार इंचांचे चौकोन कापावेत. कोणता तुकडा कुठे ठेवायचा हे मुलानं ठरवावं. तीन-तीनच्या ओळी जोडाव्यात, मागे जुन्या धोतराचा किंवा साडीचा तुकडा लावावा आणि वरून धावदोरा घालावा. पाच-सहा वर्षांचं मूल मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली, बोथट टोकाच्या मोठ्या सुईनं चार टाके घालू शकतं. ते वाकडे येतील. उसवून सरळ करू नका. ते टाकेच तर जपायचे आहेत. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल तर बटणं, मणी, टिकल्या लावू नयेत.

आणि माझी चूक तुम्ही करू नका. प्रत्येक तुकड्याच्या मागे नाव लिहा. पूर्वी धोबी बिब्ब्यानं कपड्यांवर खुणा करत आणि त्या धुऊन जात नसत, पण बिब्बा अंगावर उततो, तेव्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. कापडावर लिहायचं पेन मिळतं, नाहीतर सुई-दोऱ्यानं एकेक अक्षर काढता येतं.

चौथी वस्तू हातात धरता येत नाही, ती म्हणजे आवाज. १९९०च्या सुमारास आपाच्या लग्नात कुणीतरी एक कॅसेट भरली होती. तिच्यात अम्मी बायकांबरोबर गात होती, मधेच हसत होती, कुणाला तरी ओरडत होती. पुढे एका कविसंमेलनात मला कविता वाचायची होती, घरात कोरी कॅसेट नव्हती, आणि मी तीच कॅसेट नेली. तिच्यावर आता माझ्या चार कविता आहेत. तेव्हा वाटलं, अम्मी घरातच आहे, तिचा आवाज पुन्हा कधीही भरून घेऊ. तो दिवस आला नाही. आज नातीला मी अम्मीचे शब्द सांगू शकतो, पण ते ती कसे म्हणायची हे ऐकवू शकत नाही.

म्हणून घरातल्या थोरांचे आवाज आजच भरून घ्या. फोन पुरेसा आहे. पंखा, टीव्ही, मिक्सर बंद करा. फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर, खाली रुमाल घालून ठेवा. सुरुवातीला तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव सांगा. प्रश्न मुलाला विचारू द्या. ‘‘आजी, तू लहानपणी कुणाचा मार खाल्लास?’’ या प्रश्नाला जे उत्तर येतं ते आपल्या प्रश्नांना येत नाही. पाच मिनिटं पुरेत. त्याची एक प्रत फोनबाहेर, दुसऱ्या ठिकाणी ठेवा, आणि काही वर्षांनी नव्या साधनावर उतरवा. आज कॅसेट सापडते तर ती वाजवणारं यंत्र सापडत नाही.

या वस्तू ठेवायच्या कुठे? पत्र्याची किंवा झाकणाची एक पेटी पुरते. एका मुलाला एकच पेटी, म्हणजे निवड करावी लागते. चिकट पानांच्या अल्बममध्ये फोटो लावू नका, त्यातला गोंद फोटो खराब करतो. दुकानाच्या बिलासारख्या गुळगुळीत कागदावरची, उष्णतेनं उमटलेली अक्षरं काही वर्षांत पुसट होतात, म्हणून सहलीचं तसलं तिकीट जपायचं असेल तर त्यावरचा मजकूर उतरवून ठेवा. पावसाळा संपला की पेटी उघडून वस्तूंना सावलीत वारा द्यावा. त्या दिवशी मुलं भोवती बसवावीत. पेटी उघडण्याचा दिवस हाच गोष्टी सांगण्याचा दिवस.

फक्त गोड गोष्टीच सांगाव्यात असंही नाही. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना वीस प्रश्न विचारले होते: आजी-आजोबा कुठे वाढले, आई-वडील कसे भेटले, घरावर कोणता वाईट प्रसंग आला होता, अशा प्रकारचे. ज्यांना आपल्या घराविषयी अधिक ठाऊक होतं, त्या मुलांचा आत्मविश्वास अधिक असल्याचं त्यांना आढळलं. म्हणजे माहिती पाठ करून घेतली की आत्मविश्वास येतो, असं नाही. ज्या घरात माणसं एकमेकांशी बोलतात तिथे या गोष्टी मुलांच्या कानावर पडतात. अब्बांचं काम सुटलं होतं, अम्मीनं लोकांच्या गोधड्या शिवून दोन वर्षं घर चालवलं होतं, हेही मी नातीला सांगितलं. तिनं विचारलं, ‘‘मग तुम्हाला उपाशी झोपावं लागलं का?’’ मी म्हटलं, ‘‘एक-दोनदा.’’ ती गोधडी तिनं जरा जवळ ओढली.

ईदच्या सुट्टीत आम्ही दोघं ती गोधडी घेऊन बसलो. ओळखीच्या तुकड्यांच्या मागे मी नावं लिहिली. फोनवरून आपाला विचारलं, तेव्हा जांभळ्या तुकड्याचा पत्ता लागला. तो आमच्या खालाच्या ओढणीचा निघाला. पिवळ्या फुलांचा तुकडा आपालाही ओळखता आला नाही. नात म्हणाली, ‘‘नाना, आपण कुणाचं तरी नाव लिहून टाकू.’’ मी नको म्हटलं. त्याच्या मागे आम्ही लिहिलं, ‘माहीत नाही. अम्मीला माहीत होतं.’ मग तिच्या लहान झालेल्या फ्रॉकचा एक तुकडा कोपऱ्यातल्या भोकावर लावला. त्यावरचे पहिले चार टाके तिचे आहेत. नाव आणि तारीख तिनं स्वतः लिहिली आहे, एक अक्षर उलटं.