विजेची मेणबत्ती : रूप बाहेर, आधार आत

आपल्याकडे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर बहुधा एकाच फळीवर असते. फळी प्लायवूडची, मागे पडदा, वर कृत्रिम फुलांचा हार आणि दहा बाय बाराच्या खोलीत शेजारीच कपड्यांची दोरी. वंदना संपल्यावर मेणबत्ती विझवली तर प्रश्न नाही. परंतु बुद्धपौर्णिमेला, १४ एप्रिलला किंवा ६ डिसेंबरला दिवा रात्रभर तेवत राहावा अशी वडीलधाऱ्यांची इच्छा असते, आणि घर झोपी गेल्यावर त्याच्याकडे लक्ष ठेवायला कोणी नसते. म्हणून पुष्कळ घरांत व विहारांत विजेच्या मेणबत्त्या आल्या आहेत. पांढरी कांडी आणि वर ज्योतीच्या आकाराचा बल्ब.

वंदनेला खरी मेणबत्ती लावावी की विजेची, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. आम्हाला सांगायचे आहे ते वेगळे. ज्योत नाही म्हणजे धोकाही नाही, असे समजू नये. आता त्या कांडीच्या आत २३० व्होल्टची वीज आहे आणि तिला आतून आधार कशाचा, हे बाहेरून दिसत नाही.

आत काय असते?

बाजारातला असा एक स्वस्त दिवा आम्ही उघडून पाहिला. प्लॅस्टिकच्या कांडीत होल्डर नुसता डिंकाने चिकटवलेला होता. खाली वायरला ना गाठ, ना पट्टी. बल्ब फिरवून बसवताना डिंक सुटला की होल्डरही बल्बाबरोबर फिरतो, वायरला पीळ बसतो, स्क्रूखालची तार ढिली होते. मग एक तर दिवा लुकलुकतो, किंवा सुटलेली तार दुसऱ्या तारेला टेकून ठिणगी पडते. दोष बल्बाचा नसतो, वायरचाही नसतो. भार घ्यायला आत कोणी नाही, हा दोष.

चांगल्या दिव्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो : दिसते ती कांडी, भार घेते ती आतली नळी, आणि वायरने कोणताच भार घ्यायचा नाही. वस्तीतल्या वायरमनच्या आणि सुताराच्या मदतीने असा दिवा करून घेता येतो. त्याची रचना अशी.

तळ

पाच इंच व्यासाची, पाऊण इंच जाडीची लाकडी चकती घ्यावी. तिच्या मधोमध नळीसाठी भोक आणि खालच्या बाजूने वायर बाहेर नेण्यासाठी खाच पाडावी. खाली लोखंडी पट्टीचा तुकडा स्क्रूने बसवला की वजन खाली राहते. त्याचा उपयोग हिशेबाने पाहा. बारा इंच उंच दिव्याचा गुरुत्वमध्य सहा इंचांवर असेल आणि तळ अडीच इंचांचाच असेल, तर दिवा सुमारे बारा अंश कलताच पडतो. तळ पाच इंचांचा केला आणि वजन खाली घेऊन गुरुत्वमध्य तीन इंचांवर आणला, तर तोच दिवा चाळीस अंशांच्या जवळपास कलेपर्यंत तग धरतो. रांगते मूल वायर ओढते तेव्हा हा फरक कळतो.

मधली नळी

हा दिव्याचा कणा. बाहेरून आटे पाडलेली लोखंडी पोकळ नळी दिव्याचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. मुंबईत लोहार चाळीत, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी करावी. नळी तळातून आरपार घालून लाकडाच्या वर एक व खाली एक वायसर आणि नट लावून घट्ट आवळावी. खालच्या नटावर आणखी एक नट चढवावा, म्हणजे बल्ब फिरवताना नळी फिरणार नाही. नळीची दोन्ही तोंडे कानशीने घासून गुळगुळीत करून आत प्लॅस्टिकची बाही बसवावी. कापलेल्या नळीची धार वायरचे वेष्टन हळूहळू कातरते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही.

होल्डर नळीच्या वरच्या टोकावर आट्यांनी बसवावा व त्याला आडवा स्क्रू असेल तर तोही आवळावा. होल्डरची वरची कड कांडीच्या वरच्या कडेशी जुळली पाहिजे. म्हणून होल्डर हातात आल्याशिवाय नळी कापू नये.

कांडी

कांडीसाठी पांढरा पी.व्ही.सी. पाइप चालतो. दुकानात होल्डर बरोबर न्यावा आणि तो सहज आत जाईल असाच पाइप घ्यावा. पाइप नुसता वरून टोपीसारखा घालू नये. नळीवर दोन चकत्या नटांमध्ये पकडून बसवाव्यात, एक तळाशी आणि दुसरी होल्डरच्या खाली. पाइप त्या चकत्यांवर घट्ट बसतो आणि डुलत नाही. वरची चकती हायलम शीटची असावी. पाइप तळाच्या चकतीला बारीक स्क्रूने पक्का करावा. पाइप काढल्यावर होल्डरचे जोड उघडे पडत असतील तर तो हाताने निघता कामा नये. मुलांचे हात कुठेही जातात.

बल्ब एल.ई.डी.चाच, एक-दोन वॅटचा घ्यावा. जुन्या तारेच्या बल्बात नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाते, आणि पी.व्ही.सी. तर ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. शोभेसाठी कांडीवर खऱ्या मेणाचे ओघळ सोडण्याचा मोह टाळावा.

वायर आणि अर्थिंग

वायर तीन तारांची घ्यावी. ती तळाच्या खाचेत पट्टीने दाबून बसवावी, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी ती होल्डरपर्यंत पोहोचणार नाही. अर्थिंगची हिरवी तार नळीच्या नटाखाली वायसर लावून आवळावी. उरलेल्या दोन तारा वेष्टनासह नळीतून वर न्याव्यात. पेचाच्या होल्डरमध्ये फेज मधल्या ठिपक्याला आणि न्यूट्रल पेचाच्या बाजूला जोडतात. उलट जोडले तर बल्ब बदलताना बोट लागते तिथेच फेज येते. प्लग तीन पिनांचाच असावा.

प्लगला तीन पिना असल्या म्हणजे अर्थिंग असतेच असे नाही. चाळीतल्या नि झोपडपट्टीतल्या कितीतरी घरांत सॉकेटचे तिसरे भोक रिकामेच असते, मागे तार जोडलेलीच नसते. आधी वायरमनकडून तपासून घ्यावे. शक्य असेल तर मेन बोर्डावर गळतीची वीज तोडणारे स्विच बसवावे. अर्थिंग नसेल त्या घरात हा दिवा लावूच नये. तिथे मोबाइलच्या चांगल्या चार्जरवर चालणारा पाच व्होल्टचा किंवा पेन्सिल सेलवरचा दिवा बरा. आधाराची रचना तीच ठेवता येते. बटणाएवढ्या चपट्या सेलवर चालणाऱ्या छोट्या मेणबत्त्यांपासून मात्र लहान मुलांना दूर ठेवावे. तो सेल गिळला तर अन्ननलिका भाजते. असे झाले तर वाट न पाहता तत्काळ इस्पितळ गाठावे.

लावण्यापूर्वी चार परीक्षा

पहिल्या तीन परीक्षा प्लग काढून ठेवूनच कराव्यात. एक, फूटभर लांब फळीचे एक टोक तीन इंच उचलून उतारावर दिवा ठेवावा, तो पडता कामा नये. दोन, तळ धरून वायर जोराने ओढावी, आतले काही हलता कामा नये. तीन, बल्ब काढून पुन्हा बसवावा, होल्डर जागचा फिरता कामा नये. चौथी परीक्षा कोणी जागे असताना करावी. दिवा दोन तास लावून, मग प्लग काढून कांडीला हात लावावा. कांडी गरम लागली तर बल्ब बदलावा.

हे काम अवघड नाही. आपल्या वस्त्यांतून आय.टी.आय.मध्ये वायरमनचे शिक्षण घेतलेली मुले आहेत, रंधा चालवणारे आहेत, घरी बसून नेटके काम करणाऱ्या भगिनी आहेत. विहारासाठी दोन-चार जोड्या करून पाहिल्या तर त्यातून एखादा छोटा जोडधंदाही उभा राहू शकतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते आणि देशाच्या वीजधोरणाचे कामही त्याच खात्याकडे होते. कष्टकऱ्यांच्या घरात वीज आली पाहिजे, तशी ती त्या घरात सुरक्षित राहिली पाहिजे. ते काम आता आपले आहे.

तेव्हा येत्या पौर्णिमेपूर्वी एवढे करावे. घरातल्या आणि विहारातल्या विजेच्या मेणबत्तीचा प्लग काढावा, ती उलटी करून आत पाहावे. मध्ये नळी दिसली, नट घट्ट असला, वायर पट्टीने धरलेली असली तर ती निर्धास्त लावावी. तिथे नुसता डिंकाचा गोळा दिसला तर ती बाजूला ठेवावी.