पिकाचं नुकसान मोजायला शिकताना

जंगलाला लागून शेत असलेल्या माणसाला विचारा, रानडुकरांनी किती खाल्लं? ‘सगळंच गेलं,’ असं उत्तर येतं. पंचनाम्याच्या कागदावरचा आकडा मात्र अगदीच किरकोळ असतो. यातलं खरं काय, हे शोधणं हा वन्यजीवशास्त्रज्ञाचा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो. आपल्याला किंवा आपल्या मुलांना त्या वाटेनं जायचं असेल, तर ती वाट टप्प्याटप्प्यानं पाहू.

आधी शिक्षण. पदवी प्राणिशास्त्राचीच हवी असं नाही. वनशास्त्र, कृषी किंवा पशुवैद्यक शिकलेलेही या क्षेत्रात येतात. एम.एस्सी.साठी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत १९८८ पासून आणि बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) २००४ पासून अभ्यासक्रम आहे. जागा मोजक्या असतात, प्रवेश दरवर्षी निघतीलच असंही नाही. म्हणून चौकशी आधीच करून ठेवावी.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. वनाधिकारी होणं वेगळं, त्यासाठी यूपीएससीच्या भारतीय वनसेवेसारखी परीक्षा द्यावी लागते. शास्त्रज्ञाच्या हाती दंडुका नसतो, पिंजराही नसतो. प्राण्याला पकडायचं किंवा पट्टा बांधायचा असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी घ्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो.

प्रत्यक्ष कामातला पहिला प्रश्न असतो, खाल्लं कुणी? रानडुक्कर नाकाडानं जमीन उकरतं, पीक आडवं करतं. रोही, म्हणजे नीलगाय, उभ्या झाडाचे शेंडे खुडते आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकते. साळींदर बुंध्याशी कुरतडतं. कधी कधी खुरांचे ठसे गावातल्या मोकाट गुरांचे निघतात आणि नाव रोह्याचं होतं! ठसे, विष्ठा आणि कॅमेरा ट्रॅप (समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) या तिन्हींचा मेळ बसेपर्यंत निष्कर्ष काढू नये.

मग येतो सगळ्यांत अवघड टप्पा: नुकसान किती? डोळ्यांना दिसतं ते तुडवलेलं पीक. फुलोऱ्यात खुडलेली तूर पुन्हा फुटते, हिरवीगार दिसते आणि शेंगा कमी धरते. खाल्लेल्या कळीची तर खूणही मागे राहत नाही. म्हणून अभ्यासक एकाच शेतात एक छोटा चौकोन जाळीनं बंद करतात. बी तेच, माती तीच, खत तेच. कापणीच्या वेळी जाळीच्या आतलं आणि बाहेरचं, तेवढ्याच जागेतलं धान्य तराजूवर घालायचं. जो फरक येईल ते नुकसान.

चौकोन कुठं घ्यायचे, यातही लोक फसतात. फक्त तक्रारदारांच्या शेतात गेलात तर आकडा फुगतो. जंगलाच्या कडेपासून लांब लांब जात, तक्रार नसलेली शेतंही घ्यावी लागतात.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या पश्चिम सीमेवर झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत मुद्दाम वाचावा. चार वेगवेगळ्या पद्धतींनी नुकसान मोजलं, तर जंगलाला लागून असलेल्या शेतांत ते निम्म्याहून जास्त भरलं. अंतर वाढेल तसं कमी होत गेलं. भरपाईसाठी नजरेनं केलेल्या अंदाजाचा खऱ्या नुकसानीशी मेळच नव्हता, आणि तो फार कमी होता. म्हणजे शेतकरी उगाच ओरडत नव्हता. रात्रभराची जागल आणि भीतीनं पेरलंच नाही ते पीक तर पंचनाम्यात मावतच नाही.

यानंतर उपाय. सौर कुंपण, म्हणजे आपली झटका मशीन, चांगली चालते. पण तारेला गवत टेकलं की झटका मंदावतो. घरगुती वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसंही मरतात. कुठलाही उपाय एका हंगामावरून चांगला ठरवू नये, कारण बुजगावण्याला आणि आवाजाला जनावरं सरावतात. शेजारच्या शेताचीही मोजणी करावी. आपल्याकडून हुसकावलेली डुकरं तिकडेच गेली असतील, तर गावाचा फायदा काय झाला?

न मोजता केलेला उपाय अंगावर कसा येतो, हे जुन्नरनं पाहिलं आहे. तिथं पकडलेले २९ बिबटे लगतच्या जंगलांत सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या अभ्यासानुसार, माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते त्यानंतर १७ वर गेले.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. अमेरिकेत याच कामासाठी कृषी खात्याची कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथं स्वतंत्र संशोधन संस्था आहे. आपल्याकडे बरीचशी कामं प्रकल्पापुरती असतात; निधी संपला की नवा प्रकल्प शोधायचा. पीएच.डी. झाली, तर विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेत कायमची जागा मिळण्याची शक्यता वाढते. निम्मा वेळ संगणकासमोर जातो, त्यामुळे संख्याशास्त्र टाळून भागत नाही. आणि शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून त्याची बोली समजणारा विद्यार्थी इथं हवाच असतो. गावाकडच्या मुला-मुलींनी या क्षेत्राकडे बिचकून पाहू नये; त्यांची निम्मी तयारी घरीच झालेली असते.