गुडाखू, बासी आणि १४०/९०

भिलाईच्या पोलाद कारखान्याची वसाहत मागे टाकून छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातल्या खेड्यांत शिरलं, की सकाळी ओट्यावर बोटाने दात घासणाऱ्या बायका दिसतात. बोटावरचा काळपट लगदा म्हणजे गुडाखू. तंबाखू आणि गुळाचा. हिरड्यांवाटे निकोटिन रक्तात जातं, नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात. त्याच वेळी रक्तदाब मोजला तर आकडा चढाच येणार. म्हणून मोजण्याआधी अर्धा तास गुडाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो उच्च रक्तदाब.

न्याहारीला बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात. भात बिचारा निर्दोष. रक्तदाबासाठी त्यात पडणारं मीठ आणि सोबतचं लोणचं मोजायला हवं. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

उच्च रक्तदाब म्हणजे जाड्या, सुखवस्तू माणसांचा आजार, हा समज मात्र जिवावर बेततो. छत्तीसगडच्या शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासात खेड्यांतल्या मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण पक्षाघात निघालं, आणि पक्षाघातामागे बहुधा रक्तदाबच असतो.

काही दुखत नाही, मग गोळी कशाला? छत्तीसगडमध्ये २००२पासून गावोगाव नेमलेल्या मितानिनींपुढे, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकांपुढे, हा प्रश्न हमखास येतो. अ‍ॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीचा पुरता परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आकडा उतरला की लोक गोळी परस्पर बंद करतात, आणि तो पुन्हा चढतो.