लाकडावर रंगीत फोटो छापायचाय? आधी सांगा, पांढरा रंग कुठून आणणार?

लोकलच्या गर्दीत ज्यांना इअरफोन लावता आले नाहीत, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्च्युअली' बरेचसे कापलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.

आजचा विषय लाकडावर रंगीत फोटो छापणे. समजा घरात आजोबांचा एकुलता एक फोटो आहे आणि तो सागवानी फळीवर छापून आजीला द्यायचाय. घरी जमेल की दुकानात द्यावं? आणि व्हिडिओत एवढं भारी दिसणारं काम आपल्या हातात आल्यावर मळकट का दिसतं?

पद्धती पाच-सहा आहेत. पण कुठलीही निवडण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. एक, पांढरा रंग कुठून येणार? दोन, शाई कशाला धरून बसणार? या दोन्हींची उत्तरं मिळाली की पद्धत आपोआप ठरते.

प्रिंटर पांढरा छापतच नाही

आपल्या नेहमीच्या प्रिंटरमध्ये चार रंग असतात. सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. पांढरा नसतो. फोटोतला शर्ट पांढरा दिसतो कारण तिथे प्रिंटर काहीच छापत नाही, कागद कोरा सोडतो. बाकीचे रंगही काचेसारखे पारदर्शक असतात. प्रकाश त्यांच्यातून आत जातो, कागदावर आपटतो आणि परत येतो. म्हणजे फोटोतला सगळा उजेड कागदाचा असतो, शाईचा नाही.

आता कागदाच्या जागी लाकूड ठेवा. उजेडच तपकिरी झाला. ज्यांना फोटो एडिट करायची सवय आहे त्यांच्यासाठी हे म्हणजे सरळ 'मल्टिप्लाय' ब्लेंड मोड. लाकडाचा रंग आरजीबीमध्ये २००, १५०, १०० धरा आणि त्यावर छान निळा, ६०, १२०, २२०. दोघांचा गुणाकार करून २५५ ने भागा. हातात येतं साधारण ४७, ७१, ८६. निळ्याचा झाला काळपट करडा! आणि शुद्ध पांढऱ्याचं काय? तो निव्वळ लाकडाचा रंग.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी ही फुकटची चाचणी करा. फळीचा दिवसाच्या उजेडात फोटो काढा, लेयर चालणाऱ्या कुठल्याही एडिटिंग अ‍ॅपमध्ये टाका, वर आपला फोटो ठेवा आणि मोड 'मल्टिप्लाय' करा. ढोबळ असेल, पण साधारण तसंच छापून येणार आहे. आवडलं नाही तर फळी बदला किंवा पांढरा थर द्या.

ही अडचण काही प्रिंटरपासून सुरू झालेली नाही. युरोपातले जुने चित्रकार लाकडी फळीवर रंगवायच्या आधी पांढरा थर द्यायचे, त्याला जेसो म्हणतात. मोनालिसासुद्धा पॉप्लरच्या फळीवर आहे आणि तिच्याही रंगाखाली पांढरा थर आहे.

लाकूड म्हणजे नळ्यांची जुडी

आता दुसरा प्रश्न. झाड याच लाकडातून पाणी वर चढवत होतं, त्यामुळे ते पातळ शाईही तशीच ओढतं, तेही रेषांच्या दिशेने. थेट शाई टाकली की कडा फुटतात, डोळे-ओठ पसरतात. उलट फळीवर मेण किंवा पॉलिश असेल तर शाई आत शिरत नाही आणि नखानेही खरवडून निघते. साग तर मुळातच तेलकट आणि गडद. म्हणून फोटोसाठी फिकट, बारीक रेषांचं लाकूड बरं. पाइन, बर्च प्लाय किंवा शिवण.

मग पद्धती कुठल्या?

*टोनर ट्रान्सफर.* घरी करायला सगळ्यात भरवशाची. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे प्लॅस्टिकची रंगीत पावडर, पाण्यात विरघळत नाही. आपण अ‍ॅक्रिलिक जेलने ती लाकडाला चिकटवतो आणि मागचा कागद पाण्याने भिजवून चोळून काढतो. घरचा इंकजेट इथे चालत नाही, कारण त्याचे रंग बहुधा पाण्यात विरघळणारे असतात. ओलं बोट लागलं की संपलं.

*सब्लिमेशन.* कप आणि टी-शर्टवाली पद्धत. साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअसला रंगाची वाफ होते आणि ती पॉलिस्टरमध्ये शिरते. लाकडात पॉलिस्टर नाही, त्यामुळे कोऱ्या लाकडावर चित्र फिकट आणि धूसर येतं. दुकानात 'वुडन फोटो फ्रेम' म्हणून चकचकीत प्रिंट मिळते ती बहुतेक वेळा पांढरं पॉलिस्टर कोटिंग दिलेली एमडीएफ असते. वाईट नाही, पण लाकडाच्या रेषा दिसतील ही अपेक्षा ठेवू नका.

*यूव्ही फ्लॅटबेड.* इथे फळी सपाट ठेवतात आणि हेड वरून फिरतं. शाई पडल्या पडल्या अतिनील दिव्याखाली घट्ट होते, त्यामुळे नळ्यांमध्ये पसरायला वेळच मिळत नाही. आणि बऱ्याच मशीनमध्ये पांढरी शाई असते! आधी पांढरं, वर रंग. गडद सागावर चेहरा नीट हवा असेल तर हाच रस्ता.

*स्टिकर.* विनाइलवर छापून फळीवर चिकटवणं. रंग उत्तम, पण ते लाकडावर छापणं नव्हे. पैसे देण्याआधी विचारून घ्या.

घरी करायचं तर

सगळ्यात आधी, मूळ फोटो अजिबात वापरू नका. फोटो स्टुडिओतल्या प्रिंटचा रंग कागदाच्या थरातच असतो, तो ट्रान्सफर होत नाही. जेल लावलंत तर फळीवर काही येणार नाही आणि फोटोही जाईल. स्कॅन करा, मूळ फोटो परत अल्बममध्ये ठेवा.

मग ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा आणि फोटो आडवा उलटा करा, म्हणजे मिरर. नाहीतर पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी येतील. झेरॉक्सच्या दुकानात साध्या कागदावर कलर लेझर प्रिंट मागा. 'ग्लॉसी देऊ का' विचारलं तर नको म्हणा.

फळी १८० आणि मग २४० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासा आणि धूळ पुसा. पांढरा हवा असेल तर पांढऱ्या अ‍ॅक्रिलिकचा पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. मग जेलचा एकसारखा थर, त्यावर प्रिंट, छापलेली बाजू खाली. जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे दाबत हवा काढा. जिथे बुडबुडा राहतो तिथे भोक पडतं.

आता रात्रभर हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने कागद भिजवा आणि बोटांच्या पेरांनी गोल गोल चोळा. कागदाच्या वळ्या निघतील. स्वच्छ वाटेल, पण वाळल्यावर पांढरी साय दिसेल. घाबरू नका, ते उरलेले तंतू आहेत. पुन्हा भिजवा, पुन्हा चोळा, दोन-तीन वेळा. जोर लावलात तर नाक-डोळे निघतील, घाई हाच इथला शत्रू. शेवटी पारदर्शक वार्निशचे दोन पातळ हात.

दुकानात द्यायचं तर

तीनच गोष्टी विचारा. पांढरी शाई आहे का? खरं लाकूड आहे की कोटिंगवाली एमडीएफ? आणि त्याच फळीच्या तुकड्यावर छोटं सॅम्पल द्याल का? सॅम्पल वाळल्यावर नखाने खरवडून बघा.

आणि एक, कुठलीही पद्धत असो, फळी थेट उन्हात लावू नका. ऊन रंगही उडवतं आणि लाकडाचा रंगही बदलतं.

मी स्वतः काय निवडेन? गडद फळी आणि चेहरा महत्त्वाचा असेल तर यूव्ही. फिकट पाइन आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो असेल तर टोनर. त्यात पांढऱ्याच्या जागी लाकडाचा रंग येतो, म्हणजे आयता सेपिया, आणि तो बिघाड वाटत नाही, शोभून दिसतो.

तुमच्याकडे असलेल्या फळीचं आणि फोटोचं 'मल्टिप्लाय' करून बघा आणि कमेंटमध्ये सांगा, पांढरा थर लागणार की नाही. भेटू पुढच्या भागात!