तंजावरचं ऊन आणि यंत्रमानवाचं अंतर

सरफोजी राजांना (राज्यकाळ १७९८–१८३२) पाश्चात्त्य विज्ञानात विशेष रस होता. त्यांच्या तंजावरजवळ आज शास्त्र विद्यापीठात अभियांत्रिकी शिकवली जाते. तिथे किंवा घरी, अडथळा टाळणारी छोटी यंत्रमानव-गाडी बनवायची तर दोन सुटे भाग आधी समजून घ्यावेत.

पहिला, मोटर ड्रायव्हर. गाडीचा मेंदू म्हणजे आर्डुइनो हे छोटं नियंत्रक बोर्ड; त्याची पिन जेमतेम २० मिलिअँपिअर प्रवाह देते. मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो. म्हणून हुकूम आर्डुइनोचा, ताकद बॅटरीची, आणि मध्ये एल२९३डी चिप. ती प्रत्येक वाहिनीला ६०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह देते आणि प्रवाहाची दिशा उलटवून चाक मागेही फिरवते. मोटर थांबताना उसळणारा व्होल्टेज तिच्यातले डायोड झेलतात.

दुसरा, एचसी-एसआर०४ संवेदक. तो ४० किलोहर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनीची वेळ मोजतो. वेळ गुणिले ध्वनीचा वेग, भागिले दोन, की अंतर मिळालं.

मात्र हा वेग तापमानावर ठरतो: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, ३५ अंशांना सुमारे ३५२. तंजावरच्या उन्हाळ्यात ३४३च धरलं, तर दोन मीटरवरची भिंत पाच सेंटिमीटर जवळ दिसते. त्यामुळे सोबत तापमापक संवेदक जरूर जोडावा.