सहा फुटांचा पट आणि मनावरचा आळ

तीनशे यार्डांचा टोला सहज मारणारा गोल्फ खेळाडू ग्रीनवर येऊन, होल अवघ्या सहा फुटांवर असताना चुकतो, तेव्हा पाहणाऱ्यांचा निवाडा बहुधा तयारच असतो: मन कच्चे, दुसरे काय? पटिंगमध्ये, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालण्याच्या फटक्यात, मनाचा वाटा मोठा आहे याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु तो वाटा नेमका कोणता, याविषयी जे समज क्लबांच्या व्हरांड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, त्यांपैकी बरेचसे तपासणीला उतरत नाहीत, आणि त्यांचा जाच मात्र नवशिक्यापासून विजेत्यापर्यंत सर्वांना निमूटपणे सोसावा लागतो.

पट चुकला म्हणजे धैर्य खचले, हा त्यांतला पहिला आणि सर्वांत अन्यायकारक समज होय. 1991 च्या सप्टेंबरात, अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात किआवा बेटावर, अमेरिका आणि युरोप यांच्यातील रायडर कपच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या सामन्याच्या शेवटच्या ग्रीनवर, जर्मनीच्या बर्नहार्ड लँगरपुढे सहा फुटांचा पट उरला होता. तो आत पडता तर दोन्ही संघांचे गुण समसमान होऊन करंडक युरोपकडेच राहिला असता. चेंडू होलच्या उजव्या कडेने निघून गेला आणि अमेरिका साडेचौदा विरुद्ध साडेतेरा गुणांनी जिंकली. तेव्हापासून हा पट कच्च्या मनाचा दाखला म्हणून पुढे केला जातो. पण रुजू असलेला पुरावा काय सांगतो? कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकेच्या व्यावसायिक दौऱ्यातील लक्षावधी फटक्यांचा जो हिशेब मांडला, त्यानुसार सहा फुटांवरून हे निष्णात खेळाडूसुद्धा सुमारे दोन तृतीयांश वेळाच यशस्वी होतात. शिवाय लँगरच्या रेषेत बुटांच्या खिळ्यांनी उमटलेले ओरखडे होते, आणि ते बुजवण्याची मुभा नियमांनी दिली ती थेट 2019 साली. मन खरोखरच मोडले असते, तर याच माणसाने पुढच्याच आठवड्यात जर्मन मास्टर्समध्ये शेवटच्या होलवर त्याहून कितीतरी लांबचा पट घालून प्लेऑफ गाठला नसता आणि ती स्पर्धा जिंकलीही नसती. 1993 साली त्याने ऑगस्टा येथील मास्टर्स दुसऱ्यांदा पटकावली.

या अन्यायाचे मूळ आपल्या अवास्तव अपेक्षेत आहे. दूरदर्शनवर आपल्याला दिसतात ते त्या आठवड्यात आघाडीवर असलेले, म्हणजेच ज्यांचे पट त्या आठवड्यात पडत आहेत असे खेळाडू. उरलेल्यांचे चुकलेले पट कॅमेऱ्यापुढे येतच नाहीत. प्रत्यक्षात जगातील उत्तम व्यावसायिकांचे आठ फुटांवरून निम्मे पट चुकतात, आणि वीस फुटांवरून शंभरातले सुमारे पंधराच पडतात. रविवारी खेळणारा गृहस्थ आठ फुटांचा पट चुकल्यावर स्वतःवर जो संताप करतो, तो वस्तुतः जगज्जेत्याच्या निम्म्या अपयशावर केलेला संताप असतो. आणि पुढचे दोन होल त्या संतापातच वाया जातात, हे त्याचे खरे नुकसान होय.

दुसरा समज असा की पट जितका महत्त्वाचा, तितके मनगट, खांदे आणि पटरचा मार्ग यांकडे अधिक काळजीपूर्वक लक्ष द्यावे. नवशिक्याला हा सल्ला लागू पडतो; मुरलेल्या खेळाडूला तो बाधतो. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत, सावकाश आणि अचूक मारा असे सांगितल्यापेक्षा चटकन मारा असे सांगितल्यावर अनुभवी खेळाडूंचे पट अधिक चांगले पडले, तर नवशिक्यांच्या बाबतीत नेमके उलट घडले. हातांत मुरलेली क्रिया मनाने पुन्हा तपशीलवार तपासू लागले की तिचे सलग सूत्र तुटते. याहून विचित्र प्रकार मनाला दिलेल्या मनाईचा. डॅनिएल वेग्नर यांच्या 1998 च्या प्रयोगात, चेंडू लक्ष्याच्या पुढे जाऊ देऊ नका असे ज्यांना बजावले आणि त्याच वेळी ज्यांच्या मनावर आकडे लक्षात ठेवण्याचा भार टाकला, त्यांचेच चेंडू अधिक पुढे गेले. मनाला मनाईचे फर्मान कळते खरे, पण ते पाळण्यासाठी त्याला निषिद्ध गोष्टच सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते. म्हणून कॅडीने 'डावीकडे मारू नका' म्हणण्यापेक्षा 'उजव्या कडेवर ठेवा' म्हणणे शहाणपणाचे.

पटच्या ऐन क्षणी हाताला झटका बसण्याच्या विकाराला यिप्स म्हणतात. तो केवळ भित्र्यांचा रोग, हीही समजूत टिकत नाही. बेन होगन आणि सॅम स्नीड यांच्यासारख्या दिग्गजांना त्याने छळले, लँगरलाही अनेकदा. मेयो क्लिनिकच्या संशोधकांच्या मते काहींच्या बाबतीत त्याचे कारण स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मज्जासंस्थेतील बिघाड हे असते, काहींच्या बाबतीत दडपण. जिथे हाताचाच विकार आहे, तिथे 'मन घट्ट करा' हा इलाज निरुपयोगी आहे. पटर धरण्याची पद्धत बदलणे तिथे अधिक उपयोगी पडते, आणि लँगरने नेमके तेच वारंवार केले.

अव्वल खेळाडूचे मन गुणफलकाच्या पलीकडे असते, असेही मानले जाते. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइत्झर या संशोधकांनी पंचवीस लाखांहून अधिक पट तपासले, तेव्हा दिसले की तितक्याच अंतराचा पट पारसाठी (होलकरिता ठरलेल्या फटक्यांसाठी) असेल तर तो अधिक वेळा पडतो आणि बर्डीसाठी (त्याहून एका फटक्याने कमी) असेल तर सुमारे दोन टक्क्यांनी कमी. एक फटका कमावण्यापेक्षा एक गमावण्याचे भय माणसाला अधिक जागे ठेवते, आणि त्यातून टायगर वुड्सही सुटला नव्हता. फटका मात्र दोन्हीकडे सारखाच मोजला जातो.

मग मनाला काम द्यायचे तरी कोणते? कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या जोन व्हिकर्स यांनी खेळाडूंच्या डोळ्यांच्या हालचाली टिपून याचे उत्तर दिले आहे. निष्णात खेळाडूची नजर पटपूर्वी होल आणि चेंडू यांच्यामध्ये मोजक्या वेळा फिरते, मग चेंडूच्या एकाच बिंदूवर सुमारे दोन सेकंद स्थिरावते, आणि चेंडू निघून गेल्यावरही क्षणभर त्याच जागेच्या हिरवळीवर राहते. कच्च्या खेळाडूची नजर चेंडू, पटर आणि होल यांत भटकत राहते. ही स्थिर नजर शिकवता येते, आणि ती शिकलेले खेळाडू दडपणाखालीही अधिक चांगले पट मारतात, असे पुढील प्रयोगांत आढळले. सरावासाठी खर्चही काही नाही: होलपासून चार फुटांवर चेंडू ठेवावा, रेषा आणि वेग आधीच ठरवून टाकावा, चेंडूच्या मागच्या कडेवरचा एक बिंदू निवडावा, आणि चेंडू होलमध्ये पडल्याचा आवाज येईपर्यंत मान वर करू नये.