दवाखान्यातला दुसरा हात

अमेरिकेत डॉक्टरांच्या दवाखान्यात रुग्णाला आधी भेटतो तो मेडिकल असिस्टंट. वजन-रक्तदाब पाहणे, रक्ताचा नमुना घेणे, इंजेक्शन देणे, ईसीजी काढणे ही कामे तो करतो. शिवाय भेटीच्या वेळा, नोंदी आणि विम्याचे कागदही सांभाळतो. तो परिचारक नव्हे, आणि आजाराचे निदान करण्याचा अधिकारही त्याला नाही.

या कामाचे शिक्षण अनेक कम्युनिटी कॉलेजांत मिळते. प्रमाणपत्राला साधारण वर्ष लागते, सहपदवीला दोन वर्षे. शरीररचना, वैद्यकीय परिभाषा, औषधांच्या मात्रेचे गणित, जंतुसंसर्ग टाळण्याचे नियम हा पाया. पण खरी कसोटी प्रयोगशाळेत लागते. आधी कृत्रिम हातावर शीर शोधायची, मग सहाध्यायाच्या. सुई टोचून घेतल्याशिवाय समोरच्याची भीती कळत नाही, म्हणून हा सराव मोलाचा.

शेवटी प्रत्यक्ष दवाखान्यात उमेदवारी. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांत ती किमान 160 तासांची असते. त्यानंतर 'सर्टिफाइड मेडिकल असिस्टंट' ही 200 प्रश्नांची परीक्षा देता येते. तिचे प्रमाणपत्र 60 महिने चालते. पुढे नूतनीकरण करावे लागते.